लक्झेंबर्गला घर घेऊन जा, पण हलवू नका

लक्झेंबर्ग उत्तर-दक्षिण 82 किलोमीटर, पूर्व-पश्चिम 57. पहिल्यांदा मोटरहोम, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, घेऊन निघालो तेव्हा ह्यांनी नकाशा पाहून जाहीर केलं, "दोन दिवसांत संपेल." नऊ रात्री राहिलो, तरी दक्षिणेकडची जुनी पोलादाची गावं राहिलीच. आणि त्या नऊ दिवसांत गाडी आम्ही चारदाच हलवली. जाणाऱ्यांना मी हेच सांगते: घर घेऊन जा, पण एकदा उभं केलं की उभंच राहू द्या.

कारण सोपं आहे. 1 मार्च 2020 पासून या देशात बस, ट्राम आणि ट्रेन सगळ्यांना फुकट आहेत, पाहुण्यांनासुद्धा. तिकीट नाही, पास नाही, कुठे नाव नोंदवायचं नाही. चढा, बसा, उतरा. फक्त ट्रेनच्या पहिल्या वर्गाला पैसे पडतात, आणि सीमा ओलांडून जायचं असेल तर पलीकडच्या प्रवासाचं तिकीट लागतं. मोबिलिटेइट नावाचं अ‍ॅप फोनवर घेऊन ठेवा, त्यात सगळ्या वेळा दिसतात. सात मीटर लांबीची गाडी गल्लीबोळांतून काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं, हे मला कळलं ते मात्र व्हियांडेनमध्ये. ते पुढे सांगते.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी. पहिली, वजन. साध्या कारच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतच गाडी चालवता येते, आणि त्यात तुम्ही, सायकली, डाळ-तांदूळ आणि पाणी सगळं धरलं जातं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. म्हणून रस्त्यावर टाकी पाव भरलेली ठेवायची आणि मुक्कामी पोचल्यावर पूर्ण भरायची. दुसरी, उंची. आमच्या गाडीची उंची, रुंदी आणि लांबी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवली आहे. वाहनतळाच्या तोंडाशी आडवा बार दिसला की "आपली किती गं?" असं विचारायला वेळ नसतो. गाडी मी चालवते, नकाशा हे बघतात. या वाटणीवर आमचा संसार टिकून आहे.

जंगलात किंवा नदीकाठी एखादी सुंदर जागा पाहून रात्र काढायचा विचार मनातून काढून टाका. तिथे त्याला मनाई आहे. कॅम्पसाइट, म्हणजे अशा गाड्या आणि तंबूंसाठीच्या मुक्कामाच्या जागा, भरपूर आहेत, पण हिवाळ्यात बऱ्याच बंद असतात, तेव्हा आधी चौकशी करा. जागा निवडताना मी एकच प्रश्न विचारते: बसथांबा किती मिनिटांवर? नदीचं दृश्य नंतर.

पहिला मुक्काम एश्टरनाखला करा. स्यूर नदीच्या काठावरचं गाव, पलीकडे जर्मनी. गंमत म्हणजे जर्मनीच्या हद्दीवरून वाहणाऱ्या मोझेल, स्यूर आणि ऊर या नद्या दोन्ही देशांच्या सामायिक मालकीच्या आहेत. रेषा मधोमध नाही, सगळं पाणी दोघांचं. ह्यांनी पुलावर उभं राहून पाच मिनिटं यावर विचार केला आणि म्हणाले, "भावकीत असं जमलं असतं तर!" गावातला ख्रिस्ती मठ विलिब्रॉर्ड या धर्मप्रचारकाने 698 मध्ये स्थापन केलेला. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या मंगळवारी इथे नाचत निघणारी मिरवणूक असते. ती बघायची असेल तर जागा फार आधी धरा, नसेल तर तो आठवडा टाळाच.

इथे तीन रात्री हव्यातच, कारण गावाच्या पाठीमागे म्युलरथालचं जंगल सुरू होतं. वालुकाश्माचे उंच कडे आणि मधून माणूस आडवा होऊन जाईल एवढ्या फटी. पाठीवरची सॅक काढून हातात धरावी लागते. पूर्ण पायवाट 112 किलोमीटरची आहे, ती तरण्यांसाठी. आम्ही एश्टरनाखहून बेर्डोर्फपर्यंत चालत गेलो आणि बसने परत आलो. परतीची चाल वाचते, गुडघे आशीर्वाद देतात. बूट मात्र पकड असलेले घाला. सावलीत शेवाळ असतं.

दुसरा मुक्काम व्हियांडेन. आता माझी फजिती. कॅम्पसाइट ऊर नदीच्या काठानेच होती, पण मला वाटलं, आधी किल्ला जवळून बघू. पूल ओलांडून मुख्य रस्त्याने वर निघाले. दगडी फरसबंदी, चढ, दोन्ही बाजूंना घरं आणि समोरून डिलिव्हरीची व्हॅन. हे खाली उतरून मागे उभे राहिले आणि हातवारे करू लागले. "या, या, अजून या… थांब! अगं थांब म्हटलं ना!" मला आरशात ते दिसतच नव्हते. शेवटी एका उपाहारगृहातल्या बाईंनी बाहेरच्या खुर्च्या उचलल्या आणि आम्ही इंचाइंचाने मागे आलो. त्यावरून शिकलेला नियम असा: गाडी मागे घेताना खुणा करणाऱ्याने चालकाला आरशात दिसेल असंच उभं राहायचं. तो दिसला नाही की चालकाने ब्रेक दाबायचा. आणि तोंडाने सूचना द्यायच्याच नाहीत.

किल्ल्यावर जायची खरी युक्ती वेगळी आहे. नदीकाठून खुर्च्यांचा रोपवे आहे, देशातला एकमेव, हिवाळ्यात बंद. तो किल्ल्याच्याही वर नेतो. तिथून जंगलातल्या वाटेने उतरत किल्ल्याशी यायचं, म्हणजे चढ मुळी लागतच नाही. 1977 मध्ये किल्ला सरकारच्या ताब्यात आला, त्यानंतर त्याची पडझड सावरून तो पुन्हा उभा केला. 1871 मध्ये फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो या गावात राहिला होता. पुलाजवळचं ते घर आता संग्रहालय आहे.

व्हियांडेनहून एक दिवस क्लेर्व्होसाठी ठेवा. बसने एटेलब्रुकला आणि तिथून उत्तरेकडच्या ट्रेनने. तिथल्या किल्ल्यात छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेनने निवडलेल्या 503 छायाचित्रांचं 'द फॅमिली ऑफ मॅन' हे प्रदर्शन कायमचं मांडलेलं आहे. स्टायकेन मूळचा याच देशातला. अर्ध्या तासात बाहेर येऊ म्हणून शिरलो आणि दुपार तिथेच गेली.

तिसरा मुक्काम राजधानीजवळ, कॉकेलशॉयरला. तिथून बसने शहरात. फाफेनथालची काचेची लिफ्ट आणि किर्शबर्गला चढणारी फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावरची दोरीने ओढली जाणारी रेल्वे, हीसुद्धा फुकट. एवढ्या उंच-खोल शहरात त्या दोन्ही पुन्हा पुन्हा वापराल. आम्ही बॉकची भुयारं पाहिली, खालच्या ग्रुंडमध्ये भटकलो आणि बाजारात गरम ग्रोम्परेकिशेल्शर खाल्ले. किसलेल्या बटाट्याचे तळलेले वडे, सोबत सफरचंदाचा गोड गर. त्यात अंडं असतं, शाकाहारींनी लक्षात ठेवावं.

मुक्कामावरच्या विजेबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण नवखे इथेच फसतात. खांबावर किती अँपिअर मिळतात ते विचारा. सहा असतील तर 230 व्होल्टला गुणून 1380 वॅट. घरची दोन हजार वॅटची किटली लावली की अंधार. आम्ही पहिल्याच संध्याकाळी हे करून दाखवलं. आता चहा गॅसवर. केबल 25 मीटरची घ्या आणि रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली केबल तापते. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी टाकी, दोघांना दोन-तीन दिवस पुरते. कॅम्पसाइटवरचं स्वच्छतागृह वापरलंत तर जास्त. ती रिकामी करायचं काम ह्यांचं, यावर चर्चा नाही.

भाषेची काळजी करू नका. फ्रेंच, जर्मन आणि लक्झेंबर्गिश तिन्ही चालतात. दुकानात शिरताना "मोयेन" म्हटलं की चेहरे खुलतात.

शेवटची रात्र मोझेलकाठी रेमिशला काढा, द्राक्षमळ्यांच्या उतारांखाली. जवळच शेंगेन आहे. 14 जून 1985 रोजी पाच देशांनी इथे नदीवरच्या एका बोटीत आपसांतल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करण्याचा करार केला. आज आपण सीमा ओलांडली हे बहुतेक वेळा फक्त पाटीवरून कळतं, ते त्यामुळे. गाव एवढंसं आहे, तासाभरात बघून होतं.

जाताना डिझेल भरून घ्या. इथे इंधनाची कमाल किंमत सरकार ठरवतं, त्यामुळे बहुतेक पंपांवर भाव सारखाच, आणि शेजारच्या देशांपेक्षा सहसा कमी. म्हणून वासरबिलिगसारख्या सीमेवरच्या पंपांवर रांगा लागतात. त्या रांगेत उभं राहायचं कारण नाही. आदल्या दिवशी आतल्या एखाद्या गावातल्या रिकाम्या पंपावर भरा. आम्ही भरलं तेव्हा पुढे एक ट्रॅक्टर होता, तेवढाच.