पोत ओवताना दोरा आणि गाठ

काळ्या मण्यांची पोत घरी ओवायची तर सुती दोरा नको. वैदर्भी उन्हाळ्यात घामानं तो कुजतो. नायलॉनचा घ्या. 18 इंची पोतीला 48 इंच दोरा मधोमध दुमडायचा, फास हुकाच्या कडीत अडकवायचा. तेवढीच एक गाठ वाचते.

आठवडी बाजारातले मणी आधी ताटात पसरा अन् भोकाची कड टवका गेलेले बाजूला काढा. पोत तुटते ती बहुधा अशाच मण्यापाशी.

शेवटी दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवा, नाहीतर पोत काडीसारखी ताठ राहते. नायलॉन सरकतो, म्हणून गाठीचा पहिला वेढा दोनदा. टोक उदबत्तीनं वितळवा; आगकाडीची ज्योत गाठच खाते.