कॅलकर्सची तारीख आपल्या वळणावर आणा

टर्मिनलमधलं (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत चालणारं) कॅलकर्स हे कॅलेंडर मूळ स्थितीत अमेरिकी पद्धतीने, आधी महिना मग दिवस अशी तारीख घेतं. ५ जूनची भेट सहज ६ मेला जाऊन बसते. होम फोल्डरमधल्या लपवलेल्या कॉन्फिग फोल्डरात कॅलकर्सचा फोल्डर असतो, त्यात ‘कॉन्फ’ नावाची सेटिंग्जची फाइल असते. जुन्या आवृत्त्यांत ती थेट कॅलकर्सच्या लपवलेल्या फोल्डरात सापडेल. आधी कॅलकर्स बंद करा, फाइलची एक प्रत ठेवा आणि ‘फॉरमॅट.इनपुटडेट’समोरच्या १ चे २ करा. दिवस पुढे येतो.

तिथेच ‘नोटिफिकेशन.वॉर्निंग’ ३०० दिसेल. हे सेकंद आहेत, म्हणजे जेमतेम पाच मिनिटं! ९०० तरी ठेवा. आणि हो, आठवण फक्त उद्गारचिन्हाच्या बटणाने खूण केलेल्या भेटींचीच येते. सगळ्यांची हवी असेल तर ‘नोटिफायऑल’ला ‘ऑल’ लिहा.