जठर काढल्यावर अंगात काय कमी पडतं आणि ते कसं भरून काढायचं

बाबांचं जठर कॅन्सरमुळे पूर्ण काढलं त्याला चार वर्षं झाली. आम्ही मालवणकडचे, जे शिकलो ते इथल्या स्वयंपाकघरात शिकलो, म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी बी१२, कारण आमचं चुकलं ते इथेच. बी१२ अंगी लागायला जठरात तयार होणारं एक प्रोटीन लागतं, जठरच नाही म्हटल्यावर ते बनत नाही, मग मासे-अंडी कितीही खाल्ली तरी उपयोग नाही. आणि यकृतात जुना साठा असतो तो दोन-चार वर्षं पुरतो, त्यामुळे सुरवातीला काहीच कळत नाही. आम्ही वजन वाढतंय ना एवढंच बघत राहिलो आणि इंजेक्शनं राहून गेली. तिसऱ्या वर्षी बाबांची चप्पल पायातनं निसटायची ती त्यांना कळायचीच नाही, चप्पल अंगणात आणि बाबा पडवीत. पायाला मुंग्या, बधिरपणा आला की थांबू नका, नसांचं नुकसान कधीकधी पूर्ण भरून येत नाही. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांवरही राहू नका, त्याने हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसतं पण नसा बिघडतच राहतात. आता दर संकष्टीला इंजेक्शन, आई कॅलेंडरवर बघते, चुकत नाही. तुमच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांनी सांगितलं असेल तर तसं करा, पण जठर पूर्ण काढलं असेल तर हे जन्मभराचं.

लोह. ॲसिड नाही म्हणून शोषण कमी, त्यात बऱ्याच ऑपरेशनांत अन्न लहान आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून जातं आणि लोह मुख्यतः तिथेच शोषलं जातं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर अजिबात नको, कॅल्शियमच्या गोळीत आणि हिच्यात दोन तास तरी अंतर ठेवा. गोळीने भागलं नाही तर शिरेतून देतात. कॅल्शियम घेताना सायट्रेटवालं मिळेल का विचारा, कार्बोनेटला ॲसिड लागतं. सोबत व्हिटॅमिन डी.

आता जेवण. आपल्याकडे आजारी माणूस म्हटला की पेज. पण नुसत्या पेजेने पोट भरतं आणि प्रोटीन जवळजवळ काहीच जात नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. मऊ भात करा, त्यात मुडदुशाचा काटे नीट काढून कुस्करलेला मासा घाला, नाहीतर उकडलेलं अंडं, नाहीतर घट्ट कुळथाची पिठी. नाचणी चांगली, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, पण आंबील गोड करू नका. दिवसातून सहा-सात वेळा, छोटी वाटी, सावकाश चावून. पाणी, सोलकढी, ताक जेवताना नाही, अर्ध्या तासाने.

गोडाचं खास सांगायचंय. मे महिन्यात बाबांनी हौसेने अर्धी वाटी आमरस घेतला आणि दहा-पंधरा मिनिटांत घाम, धडधड, आडवंच व्हावं लागलं. साखर एकदम आतड्यात उतरली की असं होतं. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो, साखर खाली जाते, हात थरथरतात. आता हापूसची एकच फोड, तीही जेवणानंतर.

शौचाला तेलकट, तरंगणारं होत असेल तर चरबी पचत नाहीये, तेव्हा व्हिटॅमिन ए, डी, ई, के पण वाया जातात. डॉक्टरांना एन्झाइमच्या कॅप्सूलबद्दल विचारा, त्या जेवतानाच घ्यायच्या असतात.

रक्त तपासताना नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), बी१२, व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम पण मागा.

आणि एक, खूप दिवस उलट्या होत असतील आणि गावात सलाईन लावायची वेळ आली तर आधी सांगा की जठर काढलंय, आणि विचारा, ग्लुकोज चढवण्याआधी व्हिटॅमिन बी१ द्यायचं का? बी१ संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. एकाचे दोन दिसणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच गाडी काढा.