स्पीच थेरपीचं स्वतःचं क्लिनिक काढायचंय? आधी एवढी तयारी करा

पहिली तयारी कागदांची. बारावी विज्ञाननंतर बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची चार वर्षांची पदवी करावी लागते आणि तिचं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं. राज्याच्या सीईटी कक्षामार्फत प्रवेश घ्यायचा तर ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. मुंबईत नायर रुग्णालयाचं महाविद्यालय, वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ, आणि राज्याबाहेर जायची तयारी असेल तर म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था, ही नावं अर्ज भरण्याआधी नीट तपासा. दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात जाणार असाल तर त्याच्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता आहे का, ते फी भरण्याआधी स्वतः बघा. 1992 च्या कायद्यानुसार परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून ‘थेरपिस्ट’ची पाटी लावणारे लोक शहरोशहरी दिसतात, आईबापांचे पैसे तर जातातच, पण मुलाची शिकण्याची सगळ्यात मोलाची वर्षंही जातात. म्हणून तुमचा नोंदणी क्रमांक पाटीवर, लेटरहेडवर आणि पावतीवर ठळक छापा. नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी सीआरईचे, म्हणजे नोंदणीनंतरही चालू ठेवायच्या पुनर्वसन शिक्षणाचे गुण लागतात, तेव्हा कार्यशाळांची प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून एका फाइलीत लावत चला. आणि पीएचडी नसेल तर नावाआधी ‘डॉ.’ लावू नका.

इंटर्नशिप संपली की लगेच गाळा शोधू नका. आधी दोन-तीन वर्षं कुणा अनुभवी माणसाच्या हाताखाली काढा, तीही एकाच प्रकारच्या ठिकाणी नकोत. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये, म्हणजे मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, गावाकडची मुलं येतात; कुणाची टाळू दुभंगलेली असते, कुणाला जन्मापासून ऐकू येत नसतं आणि ते तीन वर्षांनी कळलेलं असतं. मोठ्या रुग्णालयात पक्षाघातानंतर वाचा गेलेले आजोबा भेटतात, तंबाखूच्या कॅन्सरमुळे जिभेचं ऑपरेशन झालेले लोक भेटतात. खाजगीत बसल्यावर शेजारी विचारायला कुणी नसतं, म्हणून हे सगळं आधी डोळ्यांखालून जायला हवं. गिळण्याच्या त्रासाचे रुग्ण तर स्वतंत्र प्रशिक्षणाशिवाय घेऊच नका. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो.

जागा निवडताना भाड्याच्या आधी आवाज ऐका. संध्याकाळी पाच ते आठ, म्हणजे ऐन थेरपीच्या वेळेला तिथे तासभर बसून बघा: खाली गॅरेज आहे का, पंखा घरघरतो का, वरच्या मजल्यावर क्लास चालतो का. मोठ्या माणसांनाही घेणार असाल तर तळमजला किंवा लिफ्ट हवीच. श्रवणचाचणी स्वतः करणार असाल तर ध्वनिरोधक खोली आणि वेळेवर कॅलिब्रेट केलेलं ऑडिओमीटर लागतं. तेवढं भांडवल नसेल तर सरळ दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे पाठवा. बाकी बुटकं टेबल, दोन छोट्या खुर्च्या, भिंतीला आरसा, टॉर्च, टंग डिप्रेसर, हातमोजे आणि धुता येतील अशी खेळणी, एवढ्यावर सुरुवात होते.

साहित्याला मात्र वेळ द्या. बाजारातली चित्रकार्डं बहुतेक इंग्रजी असतात. त्यांत स्नोमॅन असतो, पण पोळपाट-लाटणं नसतं. स्वतः फोटो काढा: भाकरी, तांब्या, चप्पल, लाल एसटी, मोरी, झाडू, पेरू. उच्चारासाठी मराठी जोड्या तयार ठेवा. ‘क’च्या जागी ‘त’ म्हणणाऱ्या मुलासाठी कार आणि तार. ‘ळ’ला ‘ल’ म्हणणाऱ्यासाठी काळा आणि काला, एका कार्डावर कावळा आणि दुसऱ्यावर गोपाळकाल्याची वाटी. मूल ‘तार’ म्हणालं, त्याला हवी होती गाडी, आणि तुम्ही तारेचं कार्ड पुढे केलं, की फरक त्याचा त्यालाच कळतो. दहा वेळा ‘असं म्हण’ सांगण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

याच टप्प्यावर बोलींचा अभ्यास हवा. वऱ्हाडातलं मूल डोळ्याला ‘डोया’ म्हणत असेल आणि त्याची आजीही तसंच म्हणत असेल, तर तो दोष नाही. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारी कितीतरी घरं आहेत. पुस्तकी मराठीच्या तक्त्यावर अशा मुलांना चूक-चूक-चूक देत गेलं, तर निरोगी मुलाला रुग्ण ठरवून बसू. तपासणीला आईबाबांसोबत घरातलं आणखी कुणी आलं तर त्यांच्याशी पाच मिनिटं गप्पा मारा, त्यांचं बोलणं ऐका आणि मग मुलाचे उच्चार नोंदवा. आणखी एक गोष्ट मी पोटतिडकीने सांगते: मूल उशिरा बोलतंय म्हणून ‘घरात फक्त इंग्रजी बोला’ असा सल्ला कधीही देऊ नका. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. ज्या भाषेत आई लाड करते, रागावते, गोष्ट सांगते, ती काढून घेतली तर त्या मुलाशी घरात बोलणार कोण?

आता सगळ्यात मोठी तयारी, आणि नेमकी तिच्याकडेच नव्या थेरपिस्टांचं लक्ष कमी असतं. मूल तुमच्याकडे आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तास येतं. बाकी सगळा वेळ ते घरी असतं. म्हणून आईबाबांना दाराबाहेर बसवू नका, आत घ्या आणि त्यांच्या हातून करून घ्या. उदाहरण द्यायचं तर, बाहेर जायच्या वेळी मूल दाराकडे हात करतं. आईने चप्पल हातात धरायची, खाली बसून त्याच्या डोळ्यांसमोर यायचं, एकदाच ‘भूर?’ म्हणायचं आणि मग थांबायचं. मनात पाचपर्यंत मोजायचं. हे थांबणं फार अवघड जातं, आई लगेच ‘बोल ना, भूर बोल’ म्हणते. नुसता ‘भू’ आला, ओठ हलले, तरी लगेच दार उघडायचं. दे, नको, अजून, संपलं हे शब्द रंगांच्या आणि प्राण्यांच्या नावांआधी शिकवायचे, कारण त्यांनी मुलाचं काम होतं. असा घरचा अभ्यास प्रत्येक वेळी एकच द्या, मराठीत चार ओळींत लिहून द्या. आजी-आजोबा सांभाळत असतील तर त्यांना बोलावून दाखवा.

डॉक्टरांच्या ओळखी आधी करून ठेवा: बालरोगतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, न्यूरोलॉजिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी झाल्याशिवाय थेरपी सुरू करायची नाही, मग घरचे कितीही म्हणोत की ‘टीव्ही लावला की धावत येतो’. आवाज बसलेल्या शिक्षिकेला किंवा कीर्तनकारांना व्यायाम देण्याआधी स्वरयंत्र डॉक्टरांनी पाहिलेलं असलं पाहिजे. रुग्ण पाठवल्याबद्दल कुणी कट मागितला तर नाही म्हणा. सुरुवातीला रुग्ण कमी येतील, येऊ देत.

पैशांचं आटोपशीर: वेगळं बँक खातं, प्रत्येकाला पावती, व्यवसाय कराची नोंदणी, व्यावसायिक विमा, आणि बाकीचं सीएला विचारून. फी आणि सेशन चुकल्यावरचा नियम लेखी द्या. सहा महिन्यांचं पॅकेज आगाऊ घेऊ नका, आणि ‘तीन महिन्यांत बोलायला लागेल’ हे वाक्य तोंडातून काढू नका.

प्रत्येक रुग्णाची फाइल हवी: पहिली तपासणी, ठरवलेलं उद्दिष्ट, दर सेशनची दोन ओळींची नोंद. व्हिडिओ काढण्याआधी लेखी संमती घ्या. तो जाहिरातीसाठी टाकायचा नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र तुमच्याकडून मिळेल असं अनेकांना वाटतं. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व आहे, पण प्रमाणपत्र सरकारी वैद्यकीय प्राधिकरण देतं. लोकांना यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज कुठे करायचा ते सांगा आणि सोबत तुमचा स्वच्छ, तारखेसह सही केलेला अहवाल द्या. थेरपी कधी थांबवायची, तेही पहिल्याच भेटीत फाइलीत लिहा, आणि ती वेळ आली की पुढची तारीख देऊ नका.