चौकड्याचं कापड शिवताय? कात्री लावण्याआधी या चुका टाळा

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी माझा पुतण्या नवाकोरा चौकड्याचा शर्ट घालून, लाकडी नंदीबैलाची दोरी धरून ओसरीत उभा होता. शर्ट मी शिवलेला. टीप सरळ, काज नीट, कॉलरची दोन्ही टोकं सारखी. मी मनातून खूश. तेवढ्यात शेजारच्या आजी काठी टेकत आल्या, त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काऊन वं सुनबाई, पोट्ट्याचा एक खांदा खाली दिसून राह्यला? पडला-गिडला का कुठं?"

पोरगं धडधाकट होतं. पडला होता तो चौकडा. डाव्या बाजूची गडद निळी रेघ बटणपट्टीपाशी येऊन थांबत होती आणि उजवीकडची तीच रेघ पाऊण इंच खालून सुरू होत होती. साध्या कापडात ही गोष्ट कुणाला दिसलीही नसती. चौकडा मात्र चुगलखोर असतो, शिवणाऱ्याचं सगळं चारचौघांत सांगतो.

नंतर तो शर्ट घेऊन बसले तेव्हा चार चुका सापडल्या. त्यातल्या तीन मशीनवर बसायच्या आधीच झालेल्या.

दुकानातच होणारी चूक

आठवडी बाजारात ताग्यावरचं कापड आपण हाताला मऊ लागतं का, रंग कसा आहे, एवढं बघून घेतो. चौकड्याच्या बाबतीत आधी ते उलटून बघा. दोन्ही बाजूंनी चौकडा सारखाच ठसठशीत असेल तर तो विणलेला आहे, म्हणजे रंगीत सुताचाच ताणाबाणा आहे. उलट्या बाजूने फिकट दिसत असेल तर छापलेला. विणलेल्या चौकड्याची रेघ म्हणजेच कापडाचा धागा, त्यामुळे रेघ तिरकी झाली तरी कापड ओढून सरळ करता येतं. दोघींनी समोरासमोरची दोन टोकं धरायची, जिकडून कापड आखूड पडतंय त्या कोनात ओढायचं आणि मग इस्त्री. छापलेल्याचं तसं नसतं. छपाईच तिरकी बसली असेल तर धागा धरून कापलं की चौकडा तिरका आणि चौकडा धरून कापलं की दोन धुण्यांत शर्ट अंगावर पिळतो. म्हणून छापलेलं कापड घेताना किनारीला किनार लावून दुमडून बघा. आडवी रेघ दोन्ही किनारींवर एकाच उंचीवर भेटली पाहिजे. बोटभर फरक असला तर कापड कितीही आवडो, तिथेच ठेवून या.

दुसरं म्हणजे माप. नेहमीच्या हिशेबाने दीड मीटर लागतं म्हणून दीडच मीटर घेतलं तर जुळवायला जागाच उरत नाही. एका गडद रेघेपासून तशाच पुढच्या गडद रेघेपर्यंतचं उभं अंतर मोजा. याला दुकानात 'रिपीट' म्हणतात. जेवढे मुख्य भाग, तेवढे रिपीट जास्तीचे घ्या. पुतण्याच्या शर्टाचा चौकडा 3 इंचांचा होता. पुढचा भाग, मागचा भाग आणि बाह्या असे तीन धरले तर 9 इंच, म्हणजे साधारण पाव मीटर जास्त हवं होतं. मी नेमकं तेच वाचवलं होतं. चौकडा 6 इंचांचा असेल तर हाच हिशेब अर्ध्या मीटरवर जातो. तेवढा खर्च परवडत नसेल तर अर्ध्या इंचाचा बारीक चौकडा घ्या. त्यात चूक झाली तरी लांबून कळत नाही.

न भिजवता कापणं

सुती कापड रात्रभर पाण्यात ठेवा, सावलीत वाळवा, दमट असतानाच इस्त्री करा. सुती कापड बहुधा लांबीत जास्त आणि रुंदीत कमी आटतं. शर्टाचा योक, म्हणजे खांद्यावरचा वेगळा तुकडा, बरेचदा आडवा कापलेला असतो आणि खालचा भाग उभा. कोरं कापड शिवलं तर पहिल्याच धुण्यानंतर दोघं वेगवेगळे आटतात आणि मधली टीप चुरगळते. लाल किंवा काळी रेघ रंग सोडते का, तेही त्या बादलीतच कळतं.

चौकडा दोन्हीकडून सारखा आहे, असं धरून चालणं

ही माझी दुसरी चूक. सगळ्यात गडद रेघ निवडा आणि त्या रेघेवर बरोबर मधोमध कापड उभं दुमडा. दोन्ही बाजूंना रंग त्याच क्रमाने आले, उदाहरणार्थ निळ्यानंतर पांढरा, मग लाल, तर चौकडा आडव्या दिशेने समान. आता आडवं दुमडून वर-खाली तसंच तपासा. दोन्ही वेळा जुळला तर काम सोपं.

एका दिशेने जरी क्रम बदलत असेल तर चौकडा असमान आहे. वर-खाली असमान असेल तर प्रत्येक तुकड्याचा वरचा भाग कापडाच्या एकाच टोकाकडे ठेवावा लागतो. कापड वाचवायला एक बाही सुलटी आणि दुसरी उलटी, ही आपली नेहमीची युक्ती इथे चालत नाही. आणि डावी-उजवीकडे असमान असेल तर कापड दुमडून कापणं विसरा.

हे बघायचं दिवसाच्या उजेडात, अंगणात. मी संध्याकाळी बल्बखाली बघितलं होतं आणि गडद निळी अन् काळी रेघ मला एकच वाटली होती. त्यात मधेच लाइन गेली ती गेलीच.

दुमडून, दोन पदरी कापणं

वरचा पदर जुळलेला दिसतो, खालचा कुठे सरकलाय ते कोण बघतं? चौकडा एकपदरीच कापायचा. कापड सुलट्या बाजूने जमिनीवर पसरा, आधी एकच पुढचा भाग कापा. मग तो कापलेला तुकडा उचलून उलटा करा आणि उरलेल्या कापडावर असा ठेवा की रेघेवर रेघ बसेल. बरोबर बसला तर तुकडा दिसेनासा होतो, फक्त कडा ओळखू येतात. टाचण्या लावा आणि दुसरा भाग कापा. असमान चौकडा असेल तर कापलेला तुकडा नाही, साच्याचा कागदच उलटा करून कापडाच्या सुलट्या बाजूवर ठेवायचा आणि मध्यरेषा पहिल्या वेळी ज्या रंगाच्या रेघेवर होती त्याच रंगाच्या रेघेवर आणायची.

काठाला काठ जुळवणं

या एका चुकीपायी बहुतेकींचे चौकडे बिघडतात. कागद कापडावर ठेवताना आपण बघतो कागदाची कड कुठे येते ते. पण कडेपासून टीपेपर्यंतची अर्धा-पाऊण इंच माया शिवणीच्या आत जाते, ती कुणाला दिसणारच नसते. डोळ्याला दिसते ती टीपेची रेषा. जुळवायचं तिथे.

पाठीला मधोमध शिवण असलेला कुर्ता समजा. चौकडा 3 इंचांचा. तुम्ही हुशारीने दोन्ही भागांची कड चौकड्याच्या बरोबर मध्यावर ठेवली, म्हणजे दीड इंच इकडे, दीड इंच तिकडे. आता दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच माया शिवणीत गेली. पाठीवर बाकी सगळे चौकोन 3 इंचांचे आणि मधली ओळ 2 इंचांची! घालणारीला दिसत नाही, पण भजनाला तिच्या मागे बसलेल्या सगळ्या बायकांना दिसते. कड मध्याच्या अर्धा इंच बाहेर ठेवली असती तर टीप बरोबर मध्यावर आली असती.

बटणपट्टीचंही तसंच. माझ्या शर्टात मी उजव्या आणि डाव्या भागाच्या पट्टीच्या कडा जुळवल्या होत्या. पण बटण लागल्यावर एक भाग दुसऱ्यावर चढतो. एकमेकींवर येतात त्या दोन्हींच्या मध्यरेषा, जिथे बटणं बसतात त्या. दोन्ही मध्यरेषा चौकड्यात एकाच जागी हव्यात, आणि आडव्या रेघा गळ्यापासून मोजून एकाच उंचीवर.

यावर मी आता एक सवय लावून घेतली आहे. वर्तमानपत्राच्या कागदावर साचा काढला की त्यावर टीपेची रेषा वेगळ्या रंगाच्या स्केचपेनने आखते. मग पुढच्या भागाचा साचा कापडावर ठेवून, टीपेच्या रेषेवर जिथे-जिथे गडद रेघ येते तिथे कागदावरच खुणा करते. मागच्या भागाच्या साच्यावर त्याच खुणा, काखेपासून टेपने मोजून उतरवते. साचा कापडावर फिरवत राहायचं, खुणेखाली रेघ आली की थांबायचं. पाऊण तास जातो. उसवायला त्याहून जास्त जातो.

बाही

पूर्ण मुंढ्यावर, म्हणजे बाही जोडतो त्या गोलाईवर, चौकडा जुळवायचा अट्टहास करू नका, तो जुळत नाही. बाहीची वरची गोलाई मुंढ्यापेक्षा थोडी मोठी असते आणि ती दाबून बसवावी लागते, म्हणून खांद्याजवळ रेघा सरकणारच. मागच्या बाजूलाही थोडा फरक राहतो. जुळवायचं ते पुढच्या बाजूला, मुंढ्याच्या खालच्या अर्ध्या भागात. टेप त्याच्या कडेवर उभा धरून, टीपेच्या वळणाऱ्या रेषेवरून काखेपासून 3 इंच वर मोजा (मोठ्या माणसाच्या शर्टाला 4). तिथे पुढच्या भागावर कोणती आडवी रेघ आहे? बाहीवरही टीपेच्या रेषेवर काखेपासून तेवढ्याच अंतरावर तीच रेघ आली पाहिजे. मुंढा आत वळतो, बाही बाहेर वळते. त्यामुळे इथे कड आणि टीप यांतला फरक सगळ्यात जास्त भोवतो.

ब्लाउजला किंवा कुर्त्याला बाजूच्या शिवणीतून निघणारा छातीचा टक (फिटिंगसाठी शिवलेली निमुळती चुणी) असेल तर टकाच्या खाली जुळवा, वरचं सोडून द्या. खांद्याची शिवणसुद्धा सोडून द्या. आणि सगळ्यात भडक आडवी रेघ बरोबर छातीवर किंवा नितंबांवर येऊ देऊ नका, दोन बोटं वर किंवा खाली घ्या.

खिसा जुळवायचा कंटाळा येतो? उरेब, म्हणजे धाग्याला तिरपा, कापा. चौकडा तिरपा दिसला की तो मुद्दामच तसा ठेवलाय असं वाटतं. योक आणि बटणपट्टीलाही हे चालतं, फक्त आतून पातळ अस्तर लावा, उरेब कापड ताणलं जातं.

मशीनवरची चूक

चौथी चूक ही. खाली दात कापड मागे ओढत असतात आणि वरचा पाय वरच्या पदराला धरून ठेवतो. म्हणून टाचण्या न लावता लांब टीप मारली की शेवटी वरचा पदर थोडा पुढे सरकलेला असतो. साध्या कापडात तेवढं कापून टाकतो आपण. चौकड्यात तो फरक रेघोरेघी वाढत जातो.

प्रत्येक गडद रेघेवर टाचणी लावा, टीपेला आडवी. वरच्या रेघेतून घातलेली टाचणी खालच्या पदराच्या त्याच रेघेतून बाहेर पडतेय का, ते उलटून बघा. सुई जवळ आली की टाचणी काढा. पायाच्या दांड्यावरचा दाबाचा स्क्रू थोडा सैल केला तरी फरक पडतो. अवघड शिवणीला मी धावदोराच घालते, तोही सुलट्या बाजूने. एका भागाची माया आत दुमडून इस्त्री करायची, ती कड दुसऱ्या भागाच्या टीपेच्या रेषेवर रेघ जुळवून ठेवायची आणि बारीक टाके घालत जायचं. समोर दिसतंय तसंच शिवलं जातं. मग उलटं करून त्या टाक्यांवरून मशीन.

हात बसवायला नवं कापड नको. घरातली जुनी विणलेल्या चौकड्याची लुंगी घ्या, तिची एक उशी शिवा.

फुलं, हत्ती आणि काठ

मोठ्या छापात एवढंच बघा की चित्राला डोकं-पाय आहेत का. माझ्या एका गिऱ्हाईक ताईंच्या बाहीवरचे हत्ती एका हाताला चालत होते आणि दुसऱ्या हाताला उताणे पडले होते. पाठीच्या शिवणीवर अर्धं फूल आणि समोर छातीवर दोन मोठी फुलं, हेही टाळा. आपल्याकडच्या करवत काठी साडीचा ब्लाउज शिवत असाल तर काठाच्या दातांपैकी एकाचं टोक दोन्ही बाह्यांच्या बरोबर मध्यावर घ्या, मग दोन्ही हात सारखे दिसतात.

आता बिघडलंच तर

बाजूची शिवण पाव इंचाने चुकली असेल तर उसवा, मागचा भाग तेवढा वर किंवा खाली सरकवा आणि फरक खालच्या दुमडीत जिरवा. म्हणून चौकड्याच्या कपड्याला खाली 2 इंच माया ठेवावी. फरक जास्त असेल तर शिवणीत एकरंगी पायपिंग घाला, मधे रंग आला की नजर रेघेचा माग सोडते. बाही चुकली आणि कापड उरलं असेल तर नवी कापा. उरलं नसेल तर बाहीच एकरंगी करा.

पुतण्याचा शर्ट मी दुसऱ्याच दिवशी उसवला. बटणपट्टी काढून तिथे निळी, साधी, दीड इंचाची पट्टी लावली आणि उरलेल्या निळ्या तुकड्याची कॉलर केली. दसऱ्याला तो सोनं द्यायला आजींकडे गेला तेव्हा मी मागेच उभी होते. आजींनी चष्मा वर केला. "हे निळं मुद्दाम लावलं का वं?"

"हो ना आजी," मी म्हटलं.