बंद पेट्रोल पंपाखालच्या भूजलाची तपासणी : प्रकरण मिटवण्यापूर्वी

दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वर्षानुवर्षे चाललेला पेट्रोल पंप बंद झाला आणि जमिनीखालच्या टाक्या काढल्या, एवढ्याने ती जागा निर्धोक ठरत नाही. टाकीतून किंवा पाइपाच्या सांध्यातून झिरपलेले इंधन मुरमातून खाली उतरते, पाण्याहून हलके असल्याने भूजलाच्या पातळीवर तवंग धरते, आणि त्यातील बेन्झिन, टोल्युइन, इथिलबेन्झिन व झायलिन पाण्यात विरघळत राहतात. म्हणून तपासणीचे प्रश्न मुख्यत्वे दोन : तवंग उरला आहे का, आणि विरघळलेल्या प्रदूषणाचा पट्टा आक्रसतो आहे का?

सुरुवात कागदांपासून करावी. टाक्या व पाइप नेमके कुठे होते आणि साठ्याच्या नोंदवहीत तूट कधी दिसली, हे आधी पाहावे. याबाबत पंपावरच्या जुन्या कामगारांची आठवण नकाशाइतकीच उपयोगी पडते. आसपासच्या विहिरी, बोअर व ओढे मात्र स्वतः फिरून नोंदवावेत, कारण कागदोपत्री नसलेली बोअर निघणे आपल्याकडे नवे नाही.

पाण्याची दिशा काढण्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान तीन निरीक्षण विहिरी, म्हणजे पातळी मोजण्यासाठी व नमुने घेण्यासाठी खोदलेल्या अरुंद बोअर, लागतात. व्यवहारात एक टाकीच्या खड्ड्यालगत, एक वरच्या अंगाला आणि दोन-तीन उताराकडे घ्याव्यात. विहिरीत पाणी आत घेणारा जाळीदार पाइप मे महिन्यातील सर्वांत खालच्या पातळीपासून पावसाळ्यानंतरच्या सर्वांत वरच्या पातळीपर्यंत पुरला पाहिजे. जाळी पाण्याखाली बुडालेली राहिली, तर तवंग विहिरीत येणारच नाही आणि अहवाल मात्र स्वच्छ येईल. पिण्याच्या पाण्याची जुनी बोअर हा याला पर्याय नव्हे, कारण तिच्यात अनेक थरांचे पाणी मिसळून प्रदूषण विरळ दिसते.

सर्वाधिक फसगत ऋतूंमुळे होते. पावसाळ्यात पातळी वर चढली की तवंगाचा बराच भाग मुरमाच्या पोकळ्यांत व खडकाच्या भेगांत पाण्याखाली अडकतो. ऑक्टोबरमध्ये विहीर निर्मळ दिसते आणि उन्हाळ्यात पातळी उतरताच त्याच विहिरीत तेल पुन्हा जमू शकते. त्यामुळे केवळ पावसाळ्यानंतरच्या नमुन्यांवर उभा असलेला, प्रदूषणाचे प्रकरण बंद करण्याचा अर्ज माझ्या मते परत पाठवण्याच्याच योग्यतेचा असतो. किमान दोन वर्षे, उन्हाळा आणि पावसाळ्यानंतरचा काळ धरून, नमुने घेणे शहाणपणाचे.

नमुना घेण्यापूर्वी तेल व पाणी यांची खोली सांगणारा दुहेरी मापक विहिरीत सोडावा. पुष्कळ मापकांत तेलाला सलग आणि पाण्याला तुटक आवाज येतो. दोन्ही खोल्या केसिंगवरील (विहिरीच्या बाहेरच्या पाइपावरील) एकाच खुणेपासून मोजाव्यात. मग मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर अशा मंद गतीने पाणी उपसून तापमान, सामू व विद्युतवाहकता स्थिर झाल्यावर ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या काठोकाठ भराव्यात. झाकण लावून कुपी उलटी केल्यावर बुडबुडा दिसला, तर तो नमुना टाकून द्यावा, कारण बेन्झिन त्या हवेत निसटते. आम्ल घातलेला नमुना ४ अंश सेल्सिअसला ठेवून १४ दिवसांच्या आत तपासावा.

पिण्याच्या पाण्यातील बेन्झिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, तर अमेरिकेची कमाल मर्यादा ५. बेन्झिन घटले म्हणजे ते नष्ट झाले असेही नव्हे. ते पावसाच्या पाण्याने नुसते विरळही झाले असेल. पट्ट्याच्या आत विरघळलेला प्राणवायू, नायट्रेट व सल्फेट बाहेरच्यापेक्षा कमी आणि फेरस लोह व मिथेन जास्त आढळले, तरच जिवाणू इंधन खात आहेत असे म्हणण्यास आधार मिळतो, कारण ते खाताना पहिली तीन द्रव्ये वापरली जातात आणि नंतरची दोन तयार होतात.

गळक्या भूमिगत इंधन टाक्यांची प्रकरणे बंद करण्याच्या कॅलिफोर्नियाच्या २०१२ च्या धोरणातील एका वर्गात तवंग नसलेला, १०० फुटांहून आखूड पट्टा आणि त्याच्या कडेपासून २५० फुटांहून दूर असलेली विहीर किंवा जलाशय, अशा अटींवर प्रकरण बंद करता येते. ही अंतरे बेसाल्टवर जशीच्या तशी लावू नयेत. येथे पाणी भेगांतून धावते आणि शेजारच्या बोअरचा उपसा त्याची दिशाच बदलू शकतो. नजीकच्या वापरातील प्रत्येक बोअरचे पाणी तपासावे, आणि जागेवर इमारत होणार असेल तर जमिनीतील इंधनाची वाफही मोजावी.

मंजुरी मिळाल्यावर निरीक्षण विहिरी तळापासून सिमेंट व बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) यांच्या मिश्रणाने भरून बंद कराव्यात, अन्यथा पृष्ठभागावरची घाण खाली जाण्यास त्याच वाट करून देतात.