शाळेच्या ग्रंथालयातला इतिहासाचा कप्पा: नव्या ग्रंथपालांसाठी

शालेय ग्रंथपाल म्हणून रुजू झालात की तीन गोष्टी गळ्यात पडतात: दाखलपुस्तक, कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा आणि रजेवरच्या शिक्षकांचे तास. बरेच जण पहिल्या दोन सांभाळण्यातच नोकरी काढतात. माझं म्हणणं, तिसऱ्याकडे बघा. ऑफ तासाला आठवी ते दहावीची पोरं आयती समोर बसलेली असतात. त्यांच्या हातात काय द्यायचं, हा या नोकरीतला खरा अवघड भाग.

या वयासाठी मराठीत पुस्तकं कमीच. फास्टर फेणे सातवीपर्यंत हातावेगळा होतो आणि मग मुलं थेट जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्यांवर झडप घालतात. इतिहासाचे सर कुरकुरतात, की कादंबरीतले संवाद उत्तरपत्रिकेत उतरतात. तक्रार खोटी नाही, पण म्हणून कादंबरी कुलपात ठेवू नका. मी तिला जोडी लावते. कादंबरी नेणाऱ्याच्या हातात त्याच प्रसंगाचं एखादं अस्सल साधनही द्यायचं. दोन-चार पानं पुरतात.

पानिपताचंच घ्या. कादंबरी परत आली की मी भाऊसाहेबांच्या बखरीतलं एक पान आणि नाना फडणीसांच्या आत्मवृत्तातला पानिपताचा भाग वाचायला देते. नाना तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे. जीव वाचवून निघाले, पण आईला तिथेच गमावलं. मुलं इथे थबकतात, कारण हा माणूस पुढे पेशवाईचा कारभारी होणार हे त्यांना माहीत असतं आणि इथे तो घाबरलेला तरुण दिसतो. मग दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही, हा प्रसिद्ध सांकेतिक निरोप फळ्यावर लिहायचा आणि तीनच प्रश्न विचारायचे. हे कुणी लिहिलं? कधी? त्याला हे कसं कळलं? बखर जुनी म्हणून खरी, असं मुलं धरून चालतात. बखरकारही रंग भरतो, हे त्यांनी स्वतः दोन मजकूर शेजारी ठेवून पकडलं पाहिजे. दहावीचं इतिहासाचं पुस्तक इतिहासलेखनाच्या परंपरेपासूनच सुरू होतं. पोरं तो धडा टिपा पाठ करून संपवतात. या एका तासानंतर त्यांना तो समजून घ्यावासा वाटतो.

मुलींसाठी वेगळी यादी करू नका, पण मुक्ता साळवेचा निबंध ग्रंथालयात हवाच. 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तो छापून आला. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी ही मातंग समाजातली मुलगी तेव्हा साधारण चौदा वर्षांची होती, म्हणजे आपल्या नववीतल्या पोरींच्या वयाची. वेद ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, असं ती सरळ विचारते. मोठ्याने वाचून घ्या आणि नंतर लगेच समजावून सांगायला जाऊ नका. वर्गात चुळबुळ होते, ती होऊ द्या. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ही याच कप्प्यात ठेवते. पेण तालुक्यातल्या वरसईचा हा भिक्षुक दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि 1857 च्या धामधुमीत सापडला. झाशीचा पाडाव त्याने आतून पाहिला. जुन्या भाषेला मुलं बिचकतात, म्हणून आधी झाशीचाच भाग द्या.

नववीचा इतिहास स्वातंत्र्यानंतरच्या काळाचा. इथे कपाटापेक्षा घरची आजी कामाला येते. दुष्काळाने उठलेल्या गावाची ‘बनगरवाडी’ वाचून झाली की मी मुलांना 1972 च्या दुष्काळाबद्दल घरी विचारून यायला सांगते. दुष्काळी कामावर खडी फोडायला कोण गेलं होतं, मजुरी काय मिळायची, तिथे मिळणारी सुकडी कशी लागायची, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी कुणाला पचली नाही. एकाच गावातल्या दोन आज्या वेगवेगळं सांगतात, आणि तिथेच वादाला तोंड फुटतं. (कोयनेच्या बाजूच्या शाळांनी 1967 चा भूकंप घ्यावा, पुणेकरांनी 1961 चं पानशेत.) या वह्या फेकू नका, दाखल क्रमांक देऊन कपाटात ठेवा. पुढच्या वर्षीच्या पोरांना त्यांच्याइतकं जवळचं साधन दुसरं नाही.

फुकट मिळणाऱ्या साधनांबद्दल थोडक्यात. ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आणि बालभारतीने जुने अंक ऑनलाइन ठेवले आहेत. मराठी विश्वकोशही ऑनलाइन वाचता येतो, जिल्ह्याचं गॅझेटियर म्हणजे सरकारी माहितीग्रंथही. मुलांना नुसता दुवा देऊन उपयोग नाही. शाळेत मोबाइल आणता येत नाही, आणि घरचा मोबाइल बहुतेक वेळा वडिलांबरोबर रानात. लागेल तेवढी पानं छापून फायलीत लावा.

राहता राहिली हरवण्याची भीती. पडताळणीत पुस्तक कमी भरलं तर जाब तुम्हालाच द्यावा लागतो, म्हणूनच तर कपाटं कुलपात असतात. त्यावर साधी वाट अशी: जीर्ण झालेल्या प्रतींच्या निर्लेखनाचा, म्हणजे त्या दाखलपुस्तकातून कमी करण्याचा प्रस्ताव दरवर्षी वेळेत मुख्याध्यापकांकडे द्या, हरवलेल्यांची यादी वेगळी लावा, आणि सर्वांत जास्त फिरणाऱ्या दहा-बारा पुस्तकांच्या दोन-दोन प्रती मागा. खरेदीची बैठक सहसा मार्चअखेरीला घाईत उरकली जाते. तिथे यादी तयार नसेल तर विक्रेता आणेल तो संच तुमच्या कपाटात येतो, आणि त्यात थोरांची तीच ती बत्तीस पानी चरित्रं असतात.